अन्नसुरक्षा दोन तासिकांत आटपणार नाही: भूगोलाचे वार्षिक नियोजन ठरवणाऱ्या समितीस खुले पत्र

प्रति,
भूगोलाचे वार्षिक नियोजन ठरवणाऱ्या समितीचे सन्माननीय सदस्य

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

आपण यंदासाठी ठरवलेले नववीच्या भूगोलाचे नियोजन आमच्या शाळेत पोहोचले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. असे कागद दरवर्षी येतात, त्यांवर सह्या होतात आणि ते फायलीत जातात. मी मात्र तिसऱ्या पानावर अडले. अन्नसुरक्षा हा घटक अर्थशास्त्रात येत असल्यामुळे तो तेथेच दोन तासिकांत पूर्ण करावा आणि भूगोलाच्या शिक्षकांनी त्यासाठी वेगळा वेळ देऊ नये, असे तेथे लिहिले आहे. त्याखालच्या ओळीत खाजन शेतीची क्षेत्रभेट रद्द करून तिच्या जागी वर्गात चित्रफीत दाखवण्याची सूचना आहे. त्याखाली, आम्ही काही शिक्षक गेली सहा वर्षे घेत असलेला ‘आमच्या ताटाचा नकाशा’ हा प्रकल्प अंतर्गत गुणांतून वगळून त्याऐवजी व्याख्यांचा तक्ता करून घेण्यास सांगितले आहे.

याविषयी मी आपणास दोनदा लेखी कळवले. दोन्ही पत्रांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. आता हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण हा प्रश्न माझ्या वेळापत्रकापुरता राहिलेला नाही. नववीत बसलेल्या मुलांच्या पालकांनाही तो ठाऊक असायला हवा.

माझे या विषयाशी काय नाते आहे ते आधी सांगते. मी तेवीस वर्षे भूगोल शिकवत आहे आणि गोव्यात, मांडवीच्या काठावरच्या तिसवाडी तालुक्यातल्या एका गावात लहानाची मोठी झाले. माझे वडील कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमीन-संस्थेच्या, खाजन शेतीचे कूळ होते. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. ती समुद्राच्या भरतीच्या पातळीहून खाली असते आणि तरीही तिच्यात भात पिकते. या बांधात जागोजागी मानस, म्हणजे दारे असलेली पाण्याची मोरी, असते. मानशीची लाकडी दारे भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, लागते ते केवळ कोणीतरी लक्ष ठेवणारे माणूस. बाहेर पडणाऱ्या पाण्यासमोर जाळे लावून मासळी धरतात आणि तो हक्क लिलावाने दिला जातो. जूनच्या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुट पेरायचे. हे भात उंच वाढते, थोडे खारे पाणी सोसते, आणि त्याच्या लालसर तांदळाची पेज एकदा प्यालेल्या माणसाला दुसरी पेज पाणचट लागते. (हे शेवटचे वाक्य एका कुळाच्या मुलीचे आहे, भूगोलाच्या शिक्षिकेचे नव्हे.)

आमचा बांध एका पावसाळ्यात, भात पोटरीत असताना फुटला. सकाळी वडिलांबरोबर मी तेथे गेले, तेव्हा मानशीचे एक दार कुजून एका बाजूला लोंबत होते आणि भरतीचे पाणी अगदी शांतपणे शेतात शिरत होते. आवाज कसला म्हणून नव्हता. पूर म्हटल्यावर जो खळखळाट डोळ्यांपुढे येतो तो तेथे नव्हताच. दार कुजले आहे हे मे महिन्यापासून सर्वांना ठाऊक होते. ते कोणी बदलायचे यावर तीन ठिकाणी अर्ज फिरत राहिले. ते पीक गेले, पुढल्या वर्षी निम्म्या लोकांनी पेरणी केली नाही, त्याच्या पुढल्या वर्षी कोणीच केली नाही. आज तेथे खारफुटी उभी आहे, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे आता ती जमीन पुन्हा शेतीखाली आणणे जवळजवळ अशक्य आहे. खारफुटीवर माझा राग नाही, ती तिचे काम करते. एक दार वेळेवर बदलले गेले नाही म्हणून एका वाड्याचा तांदूळ कायमचा बाजारातून येऊ लागला, ही गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही आणि वर्गात सांगितल्याशिवाय राहू शकत नाही.

आता आपल्या निर्णयाकडे येते.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हा घटक भूगोलातून काढून टाकण्याविषयी आहे. अर्थशास्त्रात अन्नसुरक्षा शिकवू नये असे मी म्हणत नाही. आजवरच्या पाठ्यपुस्तकात ते प्रकरण तेथेच आहे आणि रेशन व्यवस्था, किमान आधारभूत किंमत, राखीव साठा, १९६५ साली स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ हे सारे तेथे शिकवलेच पाहिजे. परंतु १९९६ च्या जागतिक अन्न शिखर परिषदेने केलेली व्याख्या पाहा. सर्व लोकांना, सर्वकाळ, पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळण्याची भौतिक आणि आर्थिक सोय असणे म्हणजे अन्नसुरक्षा. त्यातून पुढे चार अंगे मानली गेली: अन्नाची उपलब्धता, ते मिळवता येण्याची शक्यता, शरीराला त्याचा उपयोग होणे आणि या तिन्हींचे स्थैर्य. उपलब्धता जमिनीवर, पाण्यावर आणि पावसावर ठरते. मिळवता येणे हे पैशाइतकेच रस्त्यावर आणि अंतरावर ठरते. स्थैर्य ऋतूंवर आणि वाटांवर ठरते. ‘भौतिक’ हा शब्द व्याख्येत आहेच. तो भूगोलाने शिकवायचा नाही, तर मग कोणी?

गोव्यातल्या मुलाला हे अंग विशेष शिकवावे लागते, कारण त्याच्या भोवताली उपासमारीचे उघड चित्र नाही. पुस्तकात तो कालाहंडी वाचतो, १९४३ चा बंगालचा दुष्काळ वाचतो आणि अन्नसुरक्षा हा दूरच्या, दुर्दैवी प्रदेशांचा प्रश्न आहे असे समजून पुस्तक मिटतो. मी त्याला वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहायला सांगते. आपला टोमॅटो, कोबी, हिरवी मिरची बहुतांशी बेळगावकडून चोर्ला घाटाने उतरते. दुधाच्या गाड्या कोल्हापूर-बेळगावकडून येतात. कांदा त्याहून दुरून येतो. फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावर भाजी स्वस्त मिळते म्हणून आपण रांग लावतो, परंतु गाळ्यावरची स्वस्त भाजीही बऱ्याच अंशी घाट उतरूनच आलेली असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ महामार्गावर पुराचे पाणी चढले, घाटांत दरडी कोसळल्या आणि गोव्यात काही दिवस दुधाची आणि भाजीची टंचाई झाली. येथे ना दुष्काळ होता, ना येथल्या लोकांच्या खिशात पैशाचा तुटवडा होता. वाट बंद होती. फळ्यावर सह्याद्रीची रेघ ओढून तिच्यात चोर्ला, अनमोड, आंबोली, करूळ असे एकेक घाट खुणावत गेले की मुलांना स्थैर्य या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या सुरुवातीला आपल्याकडे किराणा दुकानेसुद्धा बंद राहिली होती, ते दिवस तर नववीच्या मुलांना स्वतःला आठवतात. एका मुलीने सांगितले की तिच्या घरी तीन दिवस रोज भात आणि फणसाच्या आठळ्यांची भाजी होती, आणि आजी तेवढी एकटीच खूश होती, कारण आठळ्या मातीत पुरून ठेवण्याची तिची जुनी सवय त्या आठवड्यात पहिल्यांदा कोणाला तरी शहाणपणाची वाटली.

याहून जुने उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. १९५५ च्या सुमारास भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा येथे बटाटे नेदरलँड्सहून, तांदूळ आणि भाज्या पाकिस्तानातून आणि चहा सिलोनहून येऊ लागला. माझी आजी मोठ्या बटाट्याला शेवटपर्यंत ‘होलंडाचो बटाटो’ म्हणायची. हे शक्य झाले, कारण त्याच काळात लोह आणि मँगनीजचे खनिज बोटी भरून बाहेर जात होते आणि त्याच्या पैशाने बोटीतून अन्न आत येत होते. दोन वर्षांपूर्वी मी हे शिकवत असताना एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील दोहाला नोकरीला आहेत. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली, सौदीची सीमा बंद झाली, दुकानांतले दूध संपले, मग तुर्कस्तान आणि इराणमधून माल आला आणि पुढे हजारो गाई चक्क विमानाने आणल्या गेल्या, हे त्याने वडिलांकडून ऐकले होते. “बाई, आमचे खनिज नि त्यांचा गॅस, म्हणजे एकच ना?” असे त्याने विचारले. तेवीस वर्षांत माझ्या वर्गात विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न असावा. त्यावर आम्ही पूर्ण तासिका बोललो: जमिनीखालचे विकून जमिनीवरचे विकत घेणारा प्रदेश किती सुरक्षित असतो, कोणाची वाट समुद्रातून जाते आणि कोणाची घाटातून, आणि जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा आपल्यावर अवलंबून असलेल्या देशांत काय झाले असेल. सदस्यहो, आपल्या नव्या नियोजनात या तासिकेला जागाच नाही.

तसाच पाव. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी भोंगा वाजवत येतो, मुले उंडे किंवा पोयी हे पाव खाऊन शाळेत येतात, आणि त्यांच्या धाकट्या भावंडांना माध्यान्ह आहारातही अनेकदा भाजी-पाव मिळतो. गोव्याची ओळख सांगताना पावाचे नाव हटकून घेतले जाते, आणि गव्हाचे पीक गोव्यात होत नाही. एवढे एकच वाक्य फळ्यावर लिहून मी खाली बसते. पुढचा पाऊण तास मुलेच बोलतात.

दुसरी तक्रार क्षेत्रभेटीची. चित्रफितीत मानस दिसते, तिचे दार मिटताना दिसत नाही, कारण चित्रफीत करणाऱ्याला भरतीची वेळ गाठायची नसते. आम्ही मुलांना नेतो ते ओहोटी संपून भरती लागण्याच्या अर्ध्या तासात. त्या वेळी पाणी आधी थबकते, मग उलटे फिरते आणि दार किंचित थरथरून मिटते. एकदा एका मुलाने ओंजळीने बाहेरचे पाणी चाखले, मग आतल्या पोंयीचे, म्हणजे मानशीमागच्या तळ्याचे, चाखले, आणि “अर्धेच खारट” असे जाहीर केले. बांधाच्या एका बाजूला पिकणारे भात आणि दुसऱ्या बाजूला पडीक जमीन अशी दोन्ही दृश्ये तेथे एकाच जागी उभे राहून दिसतात. आपण पत्रकात सुरक्षिततेचे कारण दिले आहे आणि ते मी क्षुल्लक मानत नाही: बांध अरुंद असतात, चिखल निसरडा असतो, पावसात जाऊच नये. म्हणूनच आम्ही कापणीच्या सुमारास जातो, एका वेळी पंधरा मुले नेतो, पालकांची लेखी संमती घेतो आणि गावातले दोन जाणते शेतकरी सोबत ठेवतो. धोका असेल तर नियम करावेत. चवथीच्या सुट्टीत हीच मुले गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानात शिरून आंबाडे आणि रानफळे काढून आणतात, त्यांना बांधावरून सांभाळून चालता येत नाही असे आपण कोणत्या आधारावर ठरवले, हे मला समजलेले नाही.

तिसरी तक्रार प्रकल्पाविषयी आहे, आणि येथे मला आधी माझी स्वतःची चूक कबूल केली पाहिजे.

‘आमच्या ताटाचा नकाशा’ म्हणजे मुलाने एका दिवसात खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाचा मूळ घटक कोठून आला याचा माग काढायचा. तांदूळ कोठला, तर ‘सोसायटीतला’, म्हणजे रेशन दुकानातला. सोसायटीत कोठून, तर गोदामातून. गोदामात कोठून, हे विचारायला मुले खरोखर सोसायटीत जातात आणि पोत्यावरचा शिक्का वाचून येतात. पहिल्या वर्षी मी हे नकाशे वर्गात मोठ्याने वाचायला लावले. एका मुलाने दुपारच्या जेवणात इसवण, म्हणजे सुरमई, लिहिले होते. शेजारचा हसला आणि म्हणाला, याच्या घरी रोज फक्त पेज असते. तो मुलगा खाली बसला आणि त्यानंतर कित्येक दिवस त्याने वर्गात तोंड उघडले नाही. भूक शिकवताना भुकेची लाज एखाद्या मुलाच्या अंगावर टाकणे यासारखा निष्काळजीपणा नाही, आणि तो माझ्या हातून झाला. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आता कोणीही स्वतःच्या नावाने घरचे ताट लिहीत नाही. चिठ्ठ्यांवर नाव नसते, सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात जातात आणि त्यातून पूर्ण वर्गाचा एकच नकाशा तयार होतो. प्रकल्पाने मुलांची घरची परिस्थिती उघडी पडते असा आक्षेप आपण घेतला आहे. तो पहिल्या वर्षासाठी शंभर टक्के खरा होता, आणि त्यावरचा उपाय पाच वर्षांपासून आमच्या वर्गात आहे. आपण विचारले असते तर तो दाखवला असता.

या नकाशातून काय निघते याचे एक उदाहरण देते. एका वर्षी डब्यातल्या बेचाळीस चिठ्ठ्यांपैकी सात चिठ्ठ्यांवर तांदूळ ‘दुकानातून, विकत’ असा होता. पुढे मुलांनी आपणहून सांगितले, तेव्हा ती बहुतेक कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली निघाली. त्यांची रेशनकार्डे गावी होती. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला; त्याखाली देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे सारे पुस्तकी ज्ञान मुलांना होते. परंतु एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय १ जानेवारी २०२० पासून ज्या पहिल्या बारा राज्यांत सुरू झाली, त्यांत गोवा आणि कर्नाटक दोन्ही होती, हे ना मुलांना ठाऊक होते ना त्यांच्या पालकांना. एका मुलीचे वडील सोसायटीत गेले. दोनदा त्यांचा अंगठा जुळला नाही, सिमेंटने बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. तिसऱ्या फेरीत जुळला. धान्य गोदामात असणे आणि ते माणसाच्या ताटात असणे यांतले अंतर किती आणि ते कशाकशाने वाढते, हे त्या वर्गाला मी शिकवलेले नाही. त्या मुलीने शिकवले, आणि स्वतःच्या इच्छेने सांगितले.

अशा प्रकल्पाच्या जागी आपण व्याख्यांचा तक्ता ठेवला आहे. तक्ता तपासायला सोपा असतो हे मान्य.

चौथी गोष्ट आपल्या नियोजनात नवीन नाही, जुनीच आहे, पण तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून त्यांचे माध्यम इंग्रजी होते. मानस, पोंय, खाजन, मरड (उंचावरची जमीन), सरद, वायंगण, कुळागर (सुपारी-मसाल्याची बाग) हे शब्द त्यांना घरातून येतात, पण ते उत्तरपत्रिकेत लिहायचे नसतात अशी त्यांची पक्की समजूत झालेली असते. ही समजूत आम्हीच करून दिली आहे. एका सामाईक परीक्षेत माझ्या विद्यार्थिनीने पावसाळी भाताला सरद आणि पावसाळ्यानंतरच्या, सिंचनावरच्या भाताला वायंगण असे लिहून दोहोंतला फरक अचूक सांगितला. तपासणाऱ्याने दोन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढून अर्धा गुण कापला. पुस्तकातले खरीप आणि रब्बी तिला येत होते. तिने स्वतःच्या शेताचे नाव लिहिले, एवढाच तिचा अपराध.

वेळ कमी आहे आणि अभ्यासक्रम मोठा आहे, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मीही याच वेळापत्रकात शिकवते. परंतु अन्नसुरक्षा शिकवताना भूगोलाचे इतर घटक बाजूला पडत नाहीत, उलट तेच हाताशी येतात. मान्सून, नद्यांची मुखे, भरती-ओहोटी, मृदा, वाहतूक, स्थलांतर, व्यापार असे सगळे पुन्हा एकदा, एका ताटाच्या निमित्ताने, वापरावे लागतात. पुस्तकात राखीव साठा म्हणजे अन्न महामंडळाचे गोदाम असते. आमच्याकडे मे महिन्यात घरोघर सुकी मासळी, सोले, चिंच, मिरची, मीठ भरून ठेवतात त्या पुरुमेंताचे कारण विचारले की मुले आपसूक पावसाळी समुद्रापर्यंत आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीपर्यंत पोहोचतात. एला येथील कृषी संशोधन संस्थेने खारे पाणी सोसणाऱ्या ‘गोवा धान’ जाती काढल्या, त्यांतल्या काही कोरगुटातून निवडलेल्या आहेत, हे कळल्यावर आजोबांचे बियाणे आणि विज्ञानाचे पुस्तक या दोन वेगळ्या दुनिया आहेत असे त्यांना वाटत नाही. यासाठी दोन नव्हे, सहा तासिका लागतात. वर्षभराच्या तासिकांतून सहा निघतात. मी सहा वर्षे काढल्या आहेत आणि माझा अभ्यासक्रम एकदाही अपुरा राहिलेला नाही. दप्तर पाहायला आपण केव्हाही यावे.

आता मागण्या स्पष्टपणे मांडते.

अन्नसुरक्षा हा घटक भूगोलात सहा तासिकांसह परत घ्यावा. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने आणि भूगोलाच्या शिक्षकाने तो मिळून शिकवायला माझी ना नाही, उलट तसे झाले तर बरे.

क्षेत्रभेट रद्द न करता तिचे लेखी सुरक्षा नियम करावेत, आणि ती खाजनापुरती ठेवू नये. सत्तरी तालुक्यातल्या शाळेने कुळागर पाहावे, किनाऱ्यावरच्या शाळेने मासळीची जेटी, शहरातल्या शाळेने पहाटेचा भाजीबाजार. ज्या शाळेला हे शक्य नाही तिने चित्रफीत दाखवावी. चित्रफीत हा अपवाद असावा.

ताटाच्या नकाशाचे दहा गुण पूर्ववत करावेत, मात्र निनावी चिठ्ठ्यांची पद्धत सर्व शाळांना सक्तीची करावी. पहिल्या वर्षीची माझी चूक दुसऱ्या कोणाच्या वर्गात होऊ नये.

शेती, पाणी आणि अन्न यांविषयीचे स्थानिक शब्द उत्तरपत्रिकेत ग्राह्य धरावेत आणि तशी लेखी सूचना तपासणाऱ्यांना द्यावी. शंभरएक शब्दांची सूची आम्ही चार शिक्षकांनी केलेली आहे. ती फुकट घ्या, हवी तशी सुधारा.

शेवटची मागणी कामकाजाविषयी आहे. हा बदल कोणत्या बैठकीत, कोणत्या कारणांनी ठरला ते लेखी प्रसिद्ध करावे, आणि पुढचे नियोजन ठरण्यापूर्वी प्रत्यक्ष वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी काहींना तरी बोलवावे. मला बोलवा असे मी म्हणत नाही. माझ्याहून चांगले शिकवणारे पुष्कळ आहेत, त्यांतले दोघे तर आपल्याच समूहातल्या शाळांत आहेत.

चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी उत्तर मिळावे अशी विनंती आहे, कारण कापणी सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि त्यानंतर मुलांना दाखवण्यासारखे उभे पीक राहत नाही. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी त्याआधी एकदा आमच्याबरोबर बांधावर यावे. शेजारच्या वाड्यावरची एक मानस अजून चालू आहे आणि यंदा तिचे एक दार नवे बसवले आहे. भरती लागण्याची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून नक्की वेळ आदल्या दिवशी कळवीन. पायांत जुन्या चपला असाव्यात.

आपली विश्वासू,
भूगोलाची एक शिक्षिका
तिसवाडी, गोवा